पैलवानाचे कडे

तांबे मिसळलेली चांदी मंद आचेवर टणक होते, यावर तुमचा विश्वास नसेल, तर राजारामपुरीतले आमचे कारागीर शब्बीरभाई यांचे ऐका. त्यांनी घडवलेले उघड्या तोंडाचे कडे एका पैलवानाने बोटांनी वाकवून परत आणले.

"भाई, हे कडं हाय का चकली? सांजच्याला साखरपुडा हाय माझा!"

भाईंनी ते लालबुंद तापवून पाण्यात बुडवले, पुन्हा गोल केले आणि मंद भट्टीत ठेवले. निवल्यावर पैलवानाने दातओठ खाऊन दाबले; कडे हलले नाही. खुशीत तो ते मनगटात चढवू लागला, तर तोंड उघडेना. भट्टीत ठेवण्याआधी कडे त्याच्या मनगटावर बेतायचे भाई घाईत विसरले होते.

"पैलवान, परत लाल तापवलं की मऊ हुईल," भाई शांतपणे म्हणाले.

"कडं ऱ्हाऊ द्या, भाई. आता मनगटच तापवा की!"