आसमानी नीम

हॅलो?… हां नजमा, बोल गं… नाही, झोपले नव्हते. मी दुपारची झोपते का कधी?… चावी? कसली चावी?… घराची? का, कुठं निघालात?

आपा परभणीला? थोरल्या लेकाकडं? अन् तूही सोबत?… आजच, तीनच्या बसनं?… अन् किती दिवस?… 'बघू' म्हणजे काय गं? 'बघू' म्हणजे किती?

हो, ठेवीन की चावी. कुंड्यांना पाणीही घालीन… हो, हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक. मीच तुला फोन करणार होते. सकाळपासून तीनदा हातात घेतला अन् ठेवून दिला. धीरच होईना.

अगं, ते फाटकाजवळचं झाड… तेच, ज्याला मी पाटी लावली. 'जंगली शेवगा'… तो शेवगा नाही गं.

थट्टा कशाला करू? आज पहाटे खाली फुलं पडली होती. पांढरी, बोटाएवढी लांब नळी, अन् वास तर असा की विचारू नको. ओंजळभर घरी आणली. शेवग्याचं फूल असं नसतंच. मग पुस्तक काढलं. पानं ताडून पाहिली. खाली जाऊन साल दाबली, तर मऊ, बुचासारखी. बुचाचं झाड आहे ते, नजमा… हो. अन् शेजारी हिंदी नाव काय दिलंय, माहितीय? आकाशनीम.

…आकाश म्हणजे आसमान, कळतं मला! तू नको शिकवू… नाही गं, तुझ्यावर नाही चिडले. माझ्यावरच चिडलेय.

त्या दिवशी आपा म्हणाल्या, 'ये तो आसमानी नीम है, बाई.' अन् मी काय म्हणाले?… तू नव्हतीस? अम्मीनं सांगितलं नाही तुला?… काहीच नाही?

थांब, मग मीच सांगते. सांगायलाच पाहिजे. अख्खी कॉलनी जमली होती पाट्या लावायला. मी म्हणाले, 'आपा, नीम म्हणजे कडुलिंब. हा कुठून आला नीम? झाडांचं माझ्यावर सोडा, तुम्ही बिर्याणीचं बघा.'… हो. अगदी असंच. सगळे हसले. आप्पासाहेब तर ठसका लागेपर्यंत हसले. आपाही हसल्या, पदर सारखा केला अन् घरी गेल्या. तेव्हापासून मागच्या फाटकानंच जातात येतात. मी रोज बघते वरून.

बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं गं मी. फूल पाहिल्याशिवाय झाडाचं नाव सांगायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?… मीच ना? अन् मीच भर ऑगस्टात, फूल नसताना, नुसत्या पानांवर… लई लाज वाटते, नजमा. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

काय?… परत सांग… तुझ्या अब्बांनी लावलं होतं? ते झाड?… तू पाळण्यात असताना… बागेत माळी होते, तिथून रोप आणलं… नावही त्यांनीच सांगितलेलं आपांना…



नजमा, आपांना दे फोन… बॅगा भरतील गं नंतर. दोन मिनिटं. दे ना!

हॅलो, आपा? सलाम. मैं वच्छला… आवाज तुटतोय? थांबा, गॅलरीत येते… हां. आपा, मेरी गलती हुई… गलती… सुनाई नहीं देरा? आपा, मेरी गलती हुई! झाड के नाम में!… कायका झाड? फाटक का! आपका आसमानी नीम!… काही नाही हो सरूबाई, वर नका बघू, तुमचं झाडणं चालू द्या… हां आपा! और वो बिर्याणीवाली बात… बिर्याणी!… अहो, जेवायला नाही बोलवत! मैं जो बोली, सबके सामने… मैं चुकी, आपा! माफ करो मेरेकू!

…हो, जमलेत खाली. सगळे वर बघतायत. आप्पासाहेबसुद्धा.

काय?… पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं?

तो फिर इत्ते बार कायकू बुलवाए मेरे से?…

…

हो. त्या दिवशीही सगळे होते… बरोबर आहे तुमचं, आपा… ठेवते.