पावात साखर

कालच वारलेल्या बायकोचे कपडे न्यायला वॉर्डेल अमेरिकेत, टेनेसीतल्या एका इस्पितळात आला होता. बाकावर शेजारी एक म्हातारा आणि त्याची मुलगी बोलत होते.

“तुझ्या आईचं बोट हललं काल.”

“ते आपोआप हलतं, बाबा. श्वासाची नळी काढायची का, डॉक्टर विचारताहेत.”

“कोमातली माणसं उठतात, पोरी. तिला सगळं ऐकू येतं.”

“सकाळी मी तिच्या कानाशी सांगितलं, मक्याच्या पावात साखर घातली म्हणून.”

“तिच्या बिडाच्या तव्यात?”

“तिच्याच.”

“अगं, जन्मात साखर घालू दिली नाही तिनं कुणाला. पास्टरच्या बायकोचा गोड पाव चाखून तिला तोंडावर म्हणाली होती, केक छान झालाय, आता पाव आणा.”

“म्हणून तर सांगितलं.”

“मग, काय म्हणाली?”

“काही नाही, बाबा.”

“हळू बोलली असशील.”

“पुन्हा मोठ्यानं सांगितलं. नर्स दारातून डोकावली.”

“कपाळाला आठीसुद्धा नाही?”

“नाही.”

म्हातारा बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला.

“जा, बोलाव डॉक्टरांना.”