धक्क्यावरचं पापलेट, किलोमागे सहा लिटर

का, ते विचारायचं नाही... म्हणजे बघा, मी अजून तोंडही उघडलेलं नसतं, नुसती भुवई वर गेलेली असते, तेवढ्यात तात्यांचा हात वर. "अस्मिता, आपल्या घरात मासळी धक्क्यावरची. नाक्यावरची नाही, स्टेशनबाहेरची नाही, धक्क्यावरची. आणि का, ते विचारायचं नाही." तात्या म्हणजे माझ्या पप्पांचे मोठे भाऊ. धक्का म्हणजे मुंबईचा भाऊचा धक्का. आणि आम्ही राहतो कुठे? तुम्हाला सांगते, बदलापूरला. मांजर्लीत. आमच्या गॅलरीतून उल्हास नदी दिसते, समुद्र बघायचा तर मोबाइलमध्ये बघावा लागतो. जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर. दर रविवारी. दीड किलो पापलेटासाठी.

आता तुम्ही म्हणाल, जाऊ दे ना, मोठी माणसं आहेत, हौस आहे, जातात तर जाऊ देत, तुझं काय जातंय? माझं काय जातंय? अहो, गाडी मी चालवते. तात्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पप्पांना गाडी येते, पण फक्त पुढे. रिव्हर्स येत नाही. आणि धक्क्यावर एकदा गाडी घुसली की रिव्हर्सशिवाय बाहेर निघत नाही. राहिलं कोण? बी.एस्सी. झूऑलॉजी, फर्स्ट क्लास, लायसन्सधारक अस्मिता राऊळ. पहाटे चारला उठायचं. शेजारी तात्या काळा चष्मा लावून रस्ता दाखवायला, ज्यांना स्वतःला रस्ता दिसत नाही. मागे द्रौपदी आत्या, कारण माशाचे कल्ले उघडून बघायचा हक्क तिचा. आणि तिच्या शेजारी पप्पा, कारण... पप्पा का येतात ते पप्पांनाही माहीत नाही. विचारायचं नाही ना.

मी एकदा हिशोब केला. आमची गाडी लिटरला पंधराच्या वर जात नाही. म्हणजे रविवारी नऊ लिटर पेट्रोल. दीड किलो पापलेटाला नऊ लिटर, म्हणजे किलोमागे सहा लिटर. तळायला तेलसुद्धा एवढं लागत नाही हो. मी हे जेवताना सांगितलं, तर तात्या म्हणाले, "खाताना पेट्रोलचं नाव काढू नकोस, वास येतो."

आणि येतानाची गंमत ऐका. आमच्या गाडीत माणसांसाठी एसी लावायचा नाही, असा दुसरा नियम आहे. पेट्रोल जातं म्हणून. मे महिन्यात अंबरनाथच्या शिवमंदिराला गेलो, आत्याचा पदर घामाने पिळून निघाला, एसी नाही. पण मासे गाडीत आले की एसी सोळावर. आत्या शाल गुंडाळून, पप्पा कानटोपी घालून, मी स्टिअरिंगवर गारठलेल्या बोटांनी, आणि मागच्या सीटवर आत्या-पप्पांच्या मधे थर्माकोलचा डबा, सीटबेल्ट लावून. डब्याला सीटबेल्ट. पप्पांना नाही. पप्पांना टोचतो.

त्या डब्याचं तर वेगळंच. महिन्या-दोन महिन्यांनी डब्याला वास मारायला लागला की तात्या तो नदीवर नेऊन ठेवतात. टाकतात नाही म्हणायचं, ठेवतात. स्कूटरवरून. नदी आमच्या गेटपासून तीनशे पावलांवर, पण स्कूटर. ते मॉर्निंग वॉकलाही स्कूटरवरूनच जातात, तिथे स्कूटर लावतात आणि चालतात. तर मी म्हटलं, तात्या, नदीत थर्माकोल? तर म्हणाले, "नदी घेऊन जाते." कुठे घेऊन जाते? "पुढे." पुढे कुठे? "का, ते विचारायचं नाही." बरं. मग जुलैत नदीला पाणी चढलं, आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं, तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर वॉचमन बेल वाजवतो, हातात डबा, झाकणावर काळ्या मार्करने तात्यांच्याच अक्षरात, 'राऊळ, बी विंग'. "साब, आपका पार्सल." नदी पुढे घेऊन गेली नव्हती. नदीने पत्ता वाचला होता.

मी मासे खात नाही असं समजू नका हं. खाते. चांगली दोन-दोन खाते आणि मग भाषण देते, हे मला मान्य आहे. आत्या म्हणते, "आधी गिळ, मग बोल, काटा लागेल." कारण आमच्या घरात सगळे एकाच वेळी बोलतात, टीव्ही त्यात सहावा. गप्प बसण्याचा प्रसंग एकच. कोणाच्या घशात काटा अडकला की. बहुतेक पप्पांच्या. पापलेटला मधला एक काटा, तरी पप्पांना तो बरोबर सापडतो. मग टीव्ही बंद, सगळ्यांचे हात ताटात तसेच थांबलेले, आई कोरड्या भाताचा गोळा करून देते, पप्पा तो न चावता गिळतात आणि आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत बसतो. काटा उतरेपर्यंत एक अक्षर नाही.

तर पापलेट. गणपतीनंतरच्या रविवारी माझ्या ताटात एक आलं, आणि मला वाटलं बशीत करंजी ठेवलीय. एवढंसं. मी उठले, कंपासमधली पट्टी आणली, ताटात लावली. आत्या ओरडली, पण लावली. शेपटीसकट बारा सेंटीमीटर. मी म्हटलं, तात्या, साडेतेराच्या आतलं पापलेट धरायचंच नाही असा सरकारचा नियम आहे, अजून अंडी घालायच्या वयाचंसुद्धा नाही हे, आणि पापलेट आपल्या राज्याचा मासा म्हणून जाहीर झालाय. तात्यांनी शांतपणे लिंबू पिळलं. "राज्याचा मासा आहे, मग राज्यातल्या लोकांनी नाही खायचा तर काय गुजरातने खायचा?" बरं, ते बारा सेंटीमीटरचं काय? "तळताना आकसलं." पुढच्या रविवारी मी कच्चंच मोजलं. साडेबारा. "बर्फाने आकसलं." म्हणजे मासा गरम केला तरी आकसतो, गार केला तरी आकसतो, फक्त तात्यांचा शब्द तेवढा आकसत नाही.

मी म्हटलं, बांगडा आणू, मांदेली आणू, बोंबील आणू, तेही आपल्याच समुद्रातले ना? आत्याने असं बघितलं, जसा काही मी पाहुण्यांसमोर ताटाला पाय लावलाय. "बांगडा? वासाने आख्ख्या विंगला कळेल आपल्याकडे काय शिजतंय." आणि पापलेट तळताना हीच आत्या दार सताड उघडं ठेवते. विंगला कळावं म्हणून.

वर्षात मला सुट्टी मिळते ती श्रावणात. मला आणि माशांना, दोघांनाही. बाकी जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला बांधलेल्या असतात, तरी हे जातात. बंदीतलं पापलेट म्हणजे कोल्ड स्टोरेजमधलं, दगडासारखं. पण धक्क्यावरचं. पावती समुद्राची असली की झालं.

आता माझं खरं दुखणं सांगते. मी भरतीच्या परीक्षेची तयारी करतेय. खात्याचं नाव सांगू? मत्स्यव्यवसाय. हसू नका. क्लास उल्हासनगरला, कॅम्प तीनला, आणि टेस्ट दर रविवारी सकाळी नऊला. नऊला मी कुठे असते? शिळफाट्याला, कानटोपी घातलेल्या पप्पांना घेऊन. क्लासचे नरेंद्र सर सिंधी, फार गोड माणूस, पण पाच टेस्ट चुकल्या की बॅचमधून नाव काढतात, अपवाद नाही. तिसरी चुकली तेव्हा म्हणाले, "अस्मिता बेटा, हर संडे तुम्हारे घर में कौन मरता है?" मी काय सांगणार? म्हटलं, "सर, पापलेट."

आणि गेल्या रविवारी चौथी चुकली. त्या रविवारचंच ऐका.

धक्क्यावर चिखल, आरडाओरडा, पाट्या, तात्या एका वाट्यासमोर वाकलेले, आत्या कल्ले उघडतेय, मी गाडीची किल्ली बोटात फिरवत घड्याळ बघतेय. मागून आवाज, "ओ राऊळदादा..." बघते तर भारती मावशी. आमच्या नाक्यावरची. आमच्या बिल्डिंगपासून चाळीस पावलांवर पाटी लावून बसते ती. आठ वर्षं तात्या तिच्यासमोरून नाकाला रुमाल लावून जातात, कारण तिचा माल 'बर्फाचा'. तात्यांनी ओळखच दाखवली नाही. ते पापलेटाच्या डोळ्यात बघत राहिले.

मावशी मला म्हणाली, "पोरी, तुम्ही हितं कशा?"

"मासे घ्यायला."

"अगं, मी रोज हितलाच माल नेते ना. नवाला तुमच्या खिडकीखाली असतो." मग आमच्या चौघांकडे एकेक करून बघितलं. "आलाव कशानं?"

"गाडीने. तुम्ही?"

"टेम्पो. बाराजणी एका टेम्पोत, पाट्यांसकट." मग तिची नजर तात्यांच्या हातातल्या पिशवीत गेली. "दादा, ही पापलेटं नाय, पापलेटाची पोरं हाईत. बालवाडीत बी नाव घातलं नसंल अजून. मी नाय उचलत असली. आज ही खाल्ली तं दोन सालांनी मी पाटीत काय दगड मांडू?"

तुम्हाला सांगते, झूऑलॉजीच्या तीन वर्षांत मला कोणी एवढं स्वच्छ समजावलं नव्हतं.

मला वाटलं, झालं, संपलं, आता तरी. गाडीत बसलो, एसी सोळावर, डब्याला बेल्ट. कळंबोली आली तेव्हा तात्या म्हणाले, "मासा चांगलाच असतो, पण तिच्या हाताला लागला की बर्फाचा होतो." आत्या म्हणाली, "आणि पाटीत तास-तासभर उघडा." मी म्हटलं, आणि आपल्या गाडीत दोन तास? "आपल्याला एसी आहे."

काल शनिवार. रात्री जेवायला बसलेलो, भात वाढलेला, टीव्ही चालू, पप्पा बसल्या जागीच कानटोपी शोधतायत, तात्या मला म्हणाले, "उद्या पावणेचारला निघू, म्हणजे भारतीच्या आधी पोचू." ऐकलंत? आठ वर्षांचा रुमाल, आणि आता तिच्याशी रेस लावायची. मी म्हटलं, तात्या, उद्या माझी टेस्ट आहे, चुकली तर नाव कटतं, आणि शिवाय हा नियम केला कोणी ते तरी एकदा सांगा.

"बाबांनी केला." बाबा म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही, भिंतीवर आहेत. "त्यांनी आयुष्यभर दुसरीकडची मासळी घरात येऊ दिली नाही. म्हणून आपणही नाही."

आणि इथे, तुम्हाला सांगते, इथे आमचे पप्पा, ज्यांनी आजवर दोन भावंडांसमोर मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही, ते कानटोपी हातात धरून म्हणाले, "बाबा चालत जायचे ना रे दादा."

"काय?"

"माझगावला राहायचो ना आपण. चाळीतून धक्का पाच-सात मिनिटं. बाबा पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, बनियन, हातात पिशवी. कधी चप्पलपण घालायचे नाहीत. दुसरा बाजार लांब पडतो म्हणायचे."

मी पप्पांकडे बघितलं. मग भिंतीवर बघितलं. म्हणजे काय? म्हणजे चाळीस वर्षं ज्याला घराण्याचा नियम म्हणून पुजलं, त्या नियमाचा अर्थ एवढाच होता की मासळी जवळून आणावी. पायी आणावी. माझ्या आजोबांनी नाक्यावरून मासळी आणायला सांगितली होती हो, फक्त त्यांचा नाका समुद्रावर होता. आणि बदलापूरला येताना सगळ्यांनी नियम आणला, कपाट आणलं, फोटो आणला, तेवढं जवळ असणं माझगावला राहिलं.

आत्या म्हणाली, "अरे, पण..." आणि उगाच भाताचं पातेलं झाकायला लागली.

मी गाडीची किल्ली काढली आणि तात्यांच्या ताटाशेजारी ठेवली, जिथे लोणचं वाढतात तिथे.

"उद्या मी येणार नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही."

तात्यांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा माझ्यावर, न झालेला किल्लीवर.

"का?" म्हणाले.

मी म्हटलं, "का, ते विचारायचं नाही."

पप्पांनी हात लांब करून टीव्ही बंद केला. सगळ्यांचे हात ताटात तसेच थांबलेले, आणि आईने, तुम्हाला सांगते, आमच्या आईने सवयीने कोरड्या भाताचा गोळा करायला घेतला. मग तिच्या लक्षात आलं की या वेळी काटा समोरच बसलाय, आणि तो कोणाला गिळताच यायचा नाही.