दांडा नसलेला हँडब्रेक

नाव देउझिरेनी आल्विस फेइतोझा, वय ५१ वर्षे, धंदा गाड्या राखणे व धुणे, राहणार सेलांडिया, ब्राझिलिया.

ठाण्यात आणल्यावर मला समक्ष विचारले असता सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलीसोबत राहते आणि नोंदणी कचेरीसमोरच्या पार्किंगमध्ये कित्येक वर्षं गाड्या राखते. एव्हांद्रो पेशोतो, धंदा दातांचे डॉक्टर, यांनी त्यांची नवी गाडी मी चोरून नेली व ठोकली अशी तक्रार दिली आहे. चोर ठरले तर ती जागा माझी गेलीच, वर कोठडी. दुपारी हवालदारांना मी 'होय, मीच हलवली' म्हणाले, ते खोटं. मला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही.

आमच्या पार्किंगची रीत साहेबांनाही ठाऊक आहे. जागा नसली की लोक दुसऱ्या रांगेत आडवी गाडी लावतात, पण न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडून. आतल्याला निघायचं झालं की तो ती ढकलतो, आपली काढतो आणि जातो. कुणी कुणाला विचारत नाही.

आज अकराच्या सुमारास डॉक्टरांनी गाडी अशीच आडवी लावली. इंजिन चालू, एसी चालू, शेजारच्या सीटवर त्यांच्या आई झुल्मिराबाई. मी म्हटलं, "डॉक्टर, मोकळी सोडा हो." ते म्हणाले, "पाच मिनिटांत आलो," आणि कचेरीत गेले. आईची जुनी कोंबी, शाळेच्या पोरांना न्यायची व्हॅन, विकायला काढली होती, तिच्या कागदांवर शिक्के हवे होते. ती कोंबी मी ओळखते. माझी पोरगी तिच्यातूनच शाळेत गेली आणि चालवायच्या झुल्मिराबाई. पुढे एकदा फाटकाला घासली म्हणून मुलाने त्यांना लायसन्स पुन्हा काढू दिलं नाही.

पाऊण तास झाला तरी डॉक्टर आले नाहीत. मागे शिक्षिका इव्होनेती यांची निळी गाडी अडकली होती. त्यांचं तान्हं बाळ पाळणाघरात, आणि पाळणाघर बाराला बंद होतं. त्या रडकुंडीला आल्या. मी, कुल्फीवाला आणि दोन कारकून असे गाडीला भिडलो. जागची हलेना. कुल्फीवाला म्हणाला, "देउझी, आज भात-राजमा खाल्ला नाहीस वाटतं!" मी म्हटलं, "तू खाल्लास ना? मग लाव की जोर!" आतून झुल्मिराबाईंनी काच खाली केली. "अरे मेल्यांनो, ब्रेक लागलाय तिला!" मग त्यांनी दोन सीटांच्या मधे हात घातला. तिथे पेला ठेवायचा खड्डा. "दांडा कुठाय गं हिचा?"

मी कचेरीत धावले. डॉक्टरांचा फोन बंद, आणि रखवालदार मला आत सोडीना. परत आले तर झुल्मिराबाई सरकून चालकाच्या जागी बसलेल्या, पट्टासुद्धा लावलेला. गिअरपाशी एक इवलंसं बटण होतं. त्यांनी ते वर ओढलं, काही नाही. दाबलं, तर गाडी टुणटुण वाजली आणि समोर अक्षरं उमटली. "पाय ब्रेकवर ठेवा म्हणते. मला शिकवते ही!" पाय ठेवून पुन्हा दाबलं. खालून कुर्रर्र आवाज आला आणि ब्रेकचा दिवा विझला. "सुटला! बस आत," म्हणाल्या. मी बसले. का बसले ते विचारू नका.

(जबाब देणारी या ठिकाणी उठून दारापर्यंत गेली व बाहेरील बाकावर बसलेल्या झुल्मिरा पेशोतो यांच्याकडे पाहू लागली. तिला बसण्यास सांगितले.)

चार हात पुढे घेतली असती तरी इव्होनेतीबाई सुटल्या असत्या. त्या सुटल्याही. पण झुल्मिराबाई थांबेनात. अख्ख्या पार्किंगला फेरी मारली, ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला हॉर्न दिला. मी दार घट्ट धरून बसले, आणि त्या गाणं गुणगुणत होत्या. मग लांबच्या टोकाला गाडी लावली. इंजिन चालूच, गिअर न्यूट्रल, आणि ते बटण दाबून ब्रेक मुद्दाम सोडलेला. मी म्हटलं, "राहू द्या ना लागलेला." तर म्हणाल्या, "ब्रेक लावून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात खाट टाकणं."

आम्ही उतरलो. तिथे उतार आहे, थोडाच आहे, पण आहे. गाडी हळूच निघाली. मी धावत जाऊन बाजूचा आरसा धरला. गाडी फुलझाडांच्या कठड्याला जाऊन थांबली, दिवा फुटला, आणि आरसा माझ्या हातात आला. नेमके तेव्हा डॉक्टर बाहेर आले. "चोर! धरा हिला!" आरसा हातात असलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

झुल्मिराबाईंनी माझा दंड चिमटीत धरला. "माझं नाव घेऊ नकोस गं. उद्याच्या उद्या वृद्धाश्रमात टाकील मला." म्हणून मी स्वतःवर घेतलं. हवालदारांनी मला त्या गाडीत बसवून ब्रेक सोडून दाखव म्हटलं. मी दांडा शोधायला लागले. ते हसले.

मला झुल्मिराबाईंचाही राग आहे, लिहा. बेड्या घालायची भाषा चालली होती तेव्हा त्या माझ्याकडे न बघता पदपथाकडे बघत होत्या. मी धुण्याच्या बादल्या तिथेच टाकून आले आहे. मला घरी जायचं आहे. मला इथे बसवत नाही.

(पुन्हा उठली. याच वेळी झुल्मिरा पेशोतो विचारल्याशिवाय आत आल्या, मागोमाग तक्रारदार.)

डॉक्टर म्हणाले, "आई, तू बाहेर बस, तुला काही कळत नाही." झुल्मिराबाई माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि हवालदारांना म्हणाल्या, "तिचं पुरे. आता माझं लिहा." नाव सांगितलं. वय एकोणऐंशी सांगितलं. हवालदारांनी धंदा विचारला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, घरीच असते."

बाई म्हणाल्या, "ड्रायव्हर."

(तक्रारदारांना तक्रार कायम ठेवायची का असे विचारले. त्यांनी आईचा जबाब होईपर्यंत थांबण्यास सांगितले.)

हा जबाब मला सावकाश वाचून ऐकवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. सही उभ्यानेच करते, कारण खुर्चीवर दुसरा जबाब चालू आहे.