शिवेवरचा खडा

चहा नाई मांडत मी. बस आधी. अन् ते टीव्हीजवळचं हातात काऊन घेतलं? ठेव. — विक्की, तू मले ताई म्हणतो ना, मंग आज ताईचं ऐकून घे, मधात बोलू नको. काल मी वाचनालयात होती, तू आला, तुह्या मोठेबाबाचा, म्हणजे माया बाबाचा, गेम पाह्यला, अन् सगळा नकाशा उघडून देला. बोट दाबलं का गाव, बोट दाबलं का डोंगर. वरून मलेच सांगून राह्यला, मोठेबाबाचा तरास वाचवला. तरास होता म्हणून तुले कोणी सांगतलं? त्याहिनं? नाई ना.

त्या गेमात नकाशा आधी काळा असते. जेवढं चाललं तेवढाच उजळते. दूर डोंगर दिसते ना, ते नुसतं चित्र नाई — पाय वळवला त त्याच्यापाशी जाता येते, मधात नदी आडवी येते, माणूस चुकते, परत फिरते, अन् मंग एखाद्या वळणावर धूर दिसते, गाव दिसते, आपण शोधलेलं — हे तुह्या बोटाले नाई समजणार. बंगलोरले शिकत होती तवा इथची आठवण आली का मी हेच करत बसो, चालत बसो. म्हणून येताना तो गेमाचा डबा घेऊन आली. बाबा म्हणे, हे पोट्ट्यांचे खेळ. चार दिवसानं पाह्यलं त स्वतःच चालून राह्यले. गेम घोडा देते, त घोड्यावर बसत नाईत — पायी.

अन् गेमातल्या थैलीतले दगडं तू कचरा म्हणून फेकले. हसू नको. आपल्या जुन्या गावचे लोक दुसऱ्या गावाले गेले का आधी शिवेवर थांबत, एक खडा ठेवत, मंगच आत पाय टाकत. तू लहान होता, तुले काय आठवणार. बाबा गेमातल्या दर गावाच्या शिवेवर थांबत, थैलीतून एक दगड काढून ठेवत, अन् मंग आत. तुले वाटलं म्हाताऱ्याले बटनं समजत नाईत.

खाणीत गाव गेलं तवा आपल्याले ट्रकात भरून इथी आणलं. बाबा म्हणे, शिवेवर उतरू द्या. डायवर थांबला नाई, मागं रांग होती. तवापासून या कॉलनीच्या शिवेवर त्याहिनं खडा ठेवला नाई. पाहुणे आहेत ते इथी, अजून. बंगलोर सोडून मी गावासाठी परत आली म्हणलं, त म्हणे, कोणत्या गावासाठी? — त्याच्यानंतर मायासंग बोलणंच नाई. बोलत ते फक्त खेळताना. पोरी, इकडून नदी लागन का? पोरी, त्या डोंगरामागं काय असन? — बस, एवढंच. तेवढ्यासाठी मी धावत घरी येत होती, हे तुले काऊन सांगून राह्यली मी? जाऊ दे.

मागच्या हप्त्यात म्हणाले, समुद्राजवळचं एक गाव राह्यलं, तिथी पोचलो का इथीही खडा ठेवून टाकू. समजलं? इथी. या कॉलनीत. अन् तू एका बोटानं त्याहिले समुद्राजवळ नेऊन उभं केलं. मी आली तवा टीव्ही चालू होता, गेमातला तो माणूस गावाच्या मधोमध उभा, अन् बाबा मले इचारते — पोरी, शिव कुठी गेली? मंग त्याहिनंच बंद केलं. सकाळपासून टीव्ही लावला नाई.

पुन्हा सुरूपासून खेळा म्हणतो? जा, तूच सांग त्याहिले. आत पडून आहेत. गाव सोडून आलेल्या माणसाले सांग, पुन्हा पह्यल्या पायरीपासून चाला म्हणून. जुना खेळ? तो कुठी आहे आता, त्याच्यावरच त तुहा साठवला तू, पुसला गेला तो.

परत तेच हातात. विक्की, तो खडा गेमातला नाई, खरा आहे. जुन्या गावच्या शिवेचा. ट्रकात मुठीत धरून आणला त्याहिनं, इथी ठेवाले. — ठेव. इकडं नाई, टीव्हीजवळ, होता तिथी.

आता जा.