नाव तेवढं दुसरं

१९३१चा हिवाळा. म्युनिकच्या ऑपेराचा दुपारचा खेळ सुटला होता. कोट परत घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे श्रीमंत प्रकाशक ओटो फ्राइहोल्ट आणि त्यांचे जुने ज्यू लेखक बेनो लिलियनफेल्ड उभे होते.

“बेनो, कादंबरी अप्रतिम झालीय. फक्त नाव तेवढं दुसरं घालू.”

“कादंबरीचं?”

“तुझं.”

“इतकी वर्षं माझ्याच नावावर पुस्तकं खपवलीस ना, ओटो?”

“दिवस बदललेत. अरे, ही तपकिरी गणवेशातली पोरं ज्यूंविरुद्ध ओरडतात, ते तुझ्याबद्दल नाही बोलत.”

“मग कोणाबद्दल बोलतात?”

“हळू बोल.”

“त्यांच्या पक्षाला पैसे देतोस, हे खरं?”

“देशासाठी देतो.”

“माझं हस्तलिखित परत दे.”

“दुसरं कोणी छापणार नाही.”

“नाही तर नाही. आत्ता तुझ्या घरी येतो आणि घेऊन जातो.”

“आत्ता नको. घरी पाहुणे यायचेत.”

“गणवेशातले?”

फ्राइहोल्टांनी कोट चढवला. बटणं लावायला त्यांनी बराच वेळ घेतला.

“बरं, ये. पण मागच्या दारानं. मी खाली आणून देतो.”

“तुझं मागचं दार मला माहीत नाही, ओटो. मी कायम पुढूनच आलोय.”

बेनोंनी टोपी घातली आणि बाहेर उभ्या असलेल्या फ्राइहोल्टांच्या मोटारीत ते आधी जाऊन बसले.