तिन्ही पोर्ट बंद, हेडबाई पालथ्या

...आणि वर जावई मलाच विचारतो, "बाबा, पेनड्राइव्ह नीट घातलात ना?" अहो, नीट म्हणजे आणखी कसा घालायचा? घातला, काढला, फुंकर मारून घातला, शर्टाच्या टोकाला पुसून घातला, एकदा तर डोळे मिटून घातला, म्हटलं मी बघतोय म्हणून लाजत असेल, पण काही म्हणजे काही होईना. लॅपटॉपला पोर्ट तीन. डावीकडच्या दोन्हींत घातला, उजवीकडच्या एकात घातला. पेनड्राइव्ह दिसेना. माइक लावला, ऐकेना. माउस लावला, हलेना.

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. मुलांना सांगायचो, कारण शोधायचं असेल तर सगळ्या प्रसंगांत समान काय आहे ते बघा. म्हणून मी शांतपणे बसलो आणि विचार केला. वस्तू बदलल्या, तरी बिघाड कायम. पोर्ट बदलले, तरी बिघाड कायम. मग सगळ्या प्रयोगांत समान असं काय आहे? तर मी. दर वेळी घालणारा मीच. शास्त्रशुद्ध निष्कर्ष निघाला... माझंच काहीतरी चुकलं असणार.

बायको म्हणाली, "तुमचं काही चुकलेलं नाही. बाजूला व्हा, मला बघू द्या." पण बाजूला होणं मला कधी जमलंय?

आता तुम्ही म्हणाल, पोर्ट बंद पडले तर पडले, त्यात एवढं काय? तर ऐका. यात हेडबाई आहेत.

हेडबाई म्हणजे माझी मेव्हणी, बायकोची थोरली बहीण. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन जमाना झाला, पण घरात सगळे अजून हेडबाईच म्हणतात. बायको तेवढी ताई म्हणते. मी तोंडावर काहीच म्हणत नाही, मी नुसता उभा राहतो. एकदा माझ्या व्याख्यानाला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवून. मी तासाचं व्याख्यान पंधरा मिनिटांत संपवलं आणि आभारही मीच मानले.

तर या हेडबाईंच्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो परत चिकटवला आणि जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. आता बुडबुडा म्हटला की तो वर जाणार. पडदा मागच्या बाजूला. म्हणजे मागची बाजू वर हवी, म्हणजे माणसाने तोंड खाली करून राहायचं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, जेवायलासुद्धा मान खाली. बुडबुडा विरेपर्यंत. नाही ऐकलं तर पडदा पुन्हा सुटणार, आणि दुसरा डोळा आधीच अधू. अख्ख्या शाळेला माना खाली घालायला लावलेली बाई, तिला डॉक्टर सांगतात मान खाली घाला. कशी ऐकणार? पहिल्याच दिवशी सुनेला म्हणाल्या, "मी उठते. डोळा गेला तर गेला, कंटाळ्याने जीव जाण्यापेक्षा बरं."

त्यावर माझ्या बायकोने तोड काढली. तिच्याकडे एक खुनाची कादंबरी होती, चांगली जाडजूड. मोठ्या घरात पाहुणे जमलेत, म्हातारा मालक मेलेला सापडतो, सगळ्यांवर संशय. ही रोज एक प्रकरण मोठ्याने वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची, मी ते पेनड्राइव्हवर घेऊन हेडबाईंच्या दारातच त्यांच्या सुनेकडे द्यायचो. त्यांच्याकडे एक छोटा डबा आहे, पेनड्राइव्ह खुपसला की बोलतो, बटण एकच, चाचपून सापडतं. मोबाइल त्यांचा जुना, बटणांचा. तो कानाला धरला की मान वळते आणि मान वळली की डॉक्टर ओरडतात. सुनेचा घ्यावा, तर मध्येच तो वाजतो आणि खून अर्धाच राहतो. बरं, बायकोने स्वतः जाऊन वाचावं, तर हेडबाई तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बायकोच्या गुडघ्यांनी जिने सोडलेत. सुनेने वाचून पाहिलं होतं, तर हेडबाई म्हणाल्या, "हिचं नको. ही खून आणि चहा एकाच सुरात वाचते."

पण गोष्टीने काम केलं, बरं का. खुनी कोण हे कळायला हवं म्हणून बाई पालथ्या पडून राहिल्या. हूं की चूं नाही. आणि बरोबर शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी... तिन्ही पोर्ट बंद. मी काय म्हणतो, एरवी वर्षभर बंद पडले असते तर मी त्यांना शब्दाने दुखावलं असतं का?

दुपारी सुनेचा फोन. आवाज दबलेला. "काका, आज गोष्ट आली नाही अजून. या म्हणतायत, चारपर्यंत वाट बघते, मग उठून खुर्चीत बसते आणि खिडकीतून बाहेर बघते."

म्हटलं, "सांग त्यांना, येतेय, लॅपटॉप जरा..."

मागून थेट हेडबाईंचा आवाज, उशीतून आल्यासारखा, "कारणं नकोत म्हणावं."

मी लगेच जावयाला फोन लावला. तो कॉम्प्युटरमधला. गुणी मुलगा, आवाज कधी चढवत नाही, पण "ठीक आहे" हे तो अशा रीतीने म्हणतो की काहीच ठीक नाही हे आपल्याला कळतं.

"बाबा, बंद करून परत चालू केलात?"

"केला."

"ठीक आहे. नवीन काही जोडलं होतं का आज?"

"छे, काहीच नाही."

"ठीक आहे. आता ती डिव्हाइसची यादी उघडा, आणि यूएसबीवर राइट क्लिक करा."

"कशाने करू? माउसच तर मेलाय."

"बाबा, खाली चौकोन आहे ना, त्यावर बोटाने."

आता माझं बोट. या वयात ते थोडं थरथरतं, आणि घाबरलं की स्वतःच्या मनाने चालतं. एवढ्याशा बाणाला मी यादीवर नेतोय तर तो भलत्याच ठिकाणी, एकदा घड्याळच उघडलं, एकदा कुठलीशी खिडकी सगळा पडदा व्यापून बसली. शेवटी बाण पोचला. जावई म्हणतो, "आता ते काढून टाका."

"काढून टाकू?"

"हो. परत चालू केलं की आपोआप येतं."

तुम्हाला सांगतो, मी माणूस कसा, की जुनी वर्तमानपत्रं देतानासुद्धा विचारतो, यात काही राहिलं तर नाही ना. आणि हा म्हणतो काढून टाका. काढून टाकलेलं आपोआप परत येतं, यावर आयुष्यात विश्वास कसा ठेवायचा, मला सांगा. तरी ठेवला. डोळे मिटून काढलं. परत चालू केला. आलं परत. यादीत सगळं आलं, पोर्ट तसेच मुके. मी म्हटलं, "बघ, माझंच काहीतरी..."

"बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही. आता एकच करा. लॅपटॉप बंद. चार्जर काढा. त्याला जे जे लावलंय ते सगळं काढा. चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आतली उरलेली वीज निघून जाऊ दे. आणि मग तास-दीड तास हात लावू नका."

"हात लावायचा नाही?"

"नाही."

"नुसतं बघितलं तर?"

तो म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवला.

आता हे सगळ्यात अवघड. काही करायला सांगा, मी करीन, चुकत चुकत करीन. काही करू नका म्हटलं की मी काय करायचं? मी त्या लॅपटॉपसमोर दवाखान्यात बसतात तसा बसलो. बायकोने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुस्तक उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"जा. तुम्ही वाचा."

"मी?"

"मग कोण? तो बंद, मी अधू, ताई उठायच्या बेतात."

"अगं, मला कुठे वाचता येतं? मी वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवायचो."

"तिचंही तोंड खालीच आहे," बायको म्हणाली. "जमेल तुमचं दोघांचं."

गेलो. पुस्तक छातीशी धरून गेलो. रस्त्यात शिंपी मशीनवरून म्हणाला, "सर, आज हातात मोठं काम दिसतंय," तर त्यालाही म्हटलं, "बघू, माझ्याच्याने होतंय का." तीन जिने चढलो. प्रत्येक वळणावर वाटायचं, शेवटचं पान फाटलेलं निघालं तर? चष्मा वाचायचा आणलाय की लांबचा? वर पोचतो तर सून दारातच. म्हणाली, "लवकर या. पाय खाली सोडलेत."

मी आत धावलो, म्हणजे माझ्या हिशेबाने धावलो. दवाखान्यातून भाड्याने आणलेला पलंग, त्याला तोंडाच्या जागी भोक. हेडबाई आडव्या, एक पाय पलंगाबाहेर. मी म्हटलं, "मी... मी वाचायला आलोय. लॅपटॉपचे पोर्ट..."

"कारणं नकोत." पाय परत पलंगावर गेला. "खाली बसा. वरून बोललात तर ऐकू येत नाही."

म्हणून मी जमिनीवर बसलो, बरोबर त्या भोकाखाली. डोक्याच्या थोडं वर हेडबाईंचा चेहरा, एक डोळा पट्टीत, दुसरा उघडा, माझ्यावर. तर्कशास्त्राचा प्राध्यापक जमिनीवर आणि छतातून परीक्षक बघतोय. मी पुस्तक उघडलं.

"मोजे वेगवेगळे आहेत," त्या म्हणाल्या.

बघतो तर एक पांढरा, एक काळा. अधू डोळ्यालाही दिसले. म्हटलं, "माझंच काहीतरी चुकलं असणार."

वरचा उघडा डोळा बारीक झाला. मग त्या हळूच म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे तो तुम्ही."

"कोण?"

"वाचा आधी."

वाचलं. सुरुवातीला एक ओळ दोनदा वाचली, मध्येच सवयीने म्हणालो, "हा पुतण्या खोटं बोलतोय असं वाटतं, अर्थात माझं चुकत असेल." वरून आवाज, "चुकत नाहीये. पुढे." आणि काय सांगू तुम्हाला, त्या "चुकत नाहीये"नंतर मी असा वाचत सुटलो, की गुप्तहेराचा आवाज वेगळा, माळ्याचा वेगळा, मालकिणीचं रडणं वेगळं, सून दारात पोळपाट हातात घेऊन उभी. खुनी निघाला घरचा डॉक्टर. मी पुस्तक मिटलं, मला घाम फुटला होता.

हेडबाई म्हणाल्या, "माझा अंदाज साफ चुकला."

हेडबाई असं म्हणाल्या, हं. मी विचारलं, "तुम्हाला पुतण्या वाटला?"

"नाही. पहिल्या प्रकरणापासून मला त्या कुजबुजणाऱ्या माणसाचा संशय होता. रोज ही वाचत असायची आणि मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणायचं, माझंच काहीतरी चुकलं असणार. प्रत्येक प्रकरणात. म्हटलं, शेवटी हाच निघणार. रोज कबुली देतोय, आणि गुप्तहेराचं लक्षच नाही."

सून हसू दाबायला आत पळाली. मला जमीन दुभंगावी असं झालं, पण मी आधीच जमिनीवर.

"एकदा हा माणूस तिला विचारतो," त्या भोकातून सांगत होत्या, "पाय ठणकतोय का, खाली उशी देऊ का. मग उशी ठेवल्याचा आवाज. मग ती म्हणते, थोडी अलीकडे, आणि परत खुनाकडे वळते. ते मी बटण दाबून पुन्हा ऐकलं. म्हटलं, हा खुनी असला तरी माणूस बरा आहे."

मी पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसलो. त्याच म्हणाल्या, "माझी बहीण सुखात आहे का, हे मी तिला इतकी वर्षं विचारत आले. ती म्हणायची, आहे गं. आता पालथं पडल्यावर कळलं. जा आता, जिना सांभाळून उतरा."

मी कसा उतरलो मला आठवत नाही. शिंपी काहीतरी बोलला, मी त्याला म्हटलं, "छान, छान."

घरी येतो तर लॅपटॉप चालू. तिन्ही पोर्ट ठणठणीत. माउस पळतोय. माझ्याशिवाय, मी घरात नसताना, बायकोने नुसतं चालू करायचं बटण दाबलं आणि झालं. बायको खुर्चीत बसलेली, हातात एक छोटा चिमट्याचा दिवा, पानावर उजेड पडावा म्हणून तिने आणलेला, लॅपटॉपला जोडून लावायचा. सकाळी तिने पहिल्यांदाच लावला होता, मी दूध आणायला गेलो होतो तेव्हा, आणि पेटेना म्हणून लगेच काढूनही ठेवला होता. मुळाशी त्याची वायर सोललेली. जावई फोनवर म्हणाला, तिथे वीज भलतीकडे गेली म्हणून लॅपटॉपने जीव वाचवायला सगळे पोर्ट मिटून घेतले.

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, माझंच चुकलं."

तुम्हाला सांगतो, मला कसंतरीच झालं. एवढ्या वर्षांच्या संसारात ते वाक्य माझं होतं. मी म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही," आणि माझ्या लक्षात आलं, की अरेच्चा, हे तिचं वाक्य. मग मी तिच्या पायाखाली उशी सरकवली. ती म्हणाली, थोडी अलीकडे.

तेवढ्यात सुनेचा फोन. "काका, डॉक्टर म्हणाले पडदा जागेवर आहे, पण बुडबुडा अजून विरायचाय. सासूबाई म्हणतायत, उद्या दुसरं पुस्तक घेऊन या. आणि..." जरा थांबून, "आणि तो लॅपटॉप एवढ्यात दुरुस्त झाला नाही तरी चालेल, असं सांगायला सांगितलंय."

आता झालं असं आहे, की लॅपटॉप उत्तम चालतो, माइक ऐकतो, पेनड्राइव्ह दिसतो, आणि मी रोज तीन जिने चढून जमिनीवर बसून खून वाचतो. लॅपटॉप बरा झालाय हे तिकडे कळू द्यायचं नाही, ही बायकोची सक्त ताकीद. मोजे मी आता एकाच रंगाचे घालतो, घरातून निघताना दोनदा बघतो. ज्या बाईंना इतकी वर्षं घाबरलो, त्या वरून म्हणतात, "या प्रोफेसर, पुढे." घरी परतलो की चहा तयार असतो आणि बायको विचारते, "आज कोणी मारलं?" आणि मी जिना उतरताना विचार करत येतो, कठडा घट्ट धरून... हे सगळं इतकं सुरळीत कसं काय चाललंय?

माझंच काहीतरी चुकलं असणार.